अस्वलाला आधी कळू द्या

मोहाची फुलं पडायला लागली की आपल्या भागात घराघरातल्या टोपल्या बाहेर निघतात. पहाटे मोह, आणि मोह सरतो न सरतो तोच तेंदूपत्ता. मुलांची फी, औषधपाणी, पावसाळ्याआधीचं बियाणं असं कितीतरी या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवर निघतं. म्हणून आजच्या गप्पांत आम्ही "जंगलात जाऊ नका" असं सांगणार नाही. जायचं तर आहेच. जाऊन धडधाकट घरी कसं यायचं, ते बोलू. आणि मुख्यतः बोलू अस्वलाबद्दल. चंद्रपूर-गडचिरोलीपासून गोंदिया, भंडारा, मेळघाट आणि पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत, जिथे जिथे झुडपी जंगल, खडकाळ टेकड्या आणि मोह आहे, तिथे अस्वल आहे.

या विषयावर आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "अमेरिकेत अस्वलावर मारायचा फवारा मिळतो म्हणे. तसला डबा आपल्या कमरेला असला तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर देऊच, पण त्याआधी आपलं अस्वल कसं आहे ते समजून घेऊ. कशापासून वाचायचं ते कळल्याशिवाय कशानं वाचायचं ते कळत नाही.

अस्वल अंगावर का येतं?

आपल्याकडचं अस्वल काळं, झिपरं, छातीवर पांढुरका पट्टा असलेलं. नर शंभर किलोच्याही वर भरतो. पुढच्या पंजाची नखं माणसाच्या बोटाएवढी लांब असतात. ती नखं खरं तर वारूळ फोडायला असतात. वाळवी आणि मुंग्या हे याचं रोजचं जेवण. पुढचे वरचे दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि तो फुरफुर ओढण्याचा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. वाळवीशिवाय मध, बोरं, जांभळं, टेंभरं, आणि मोहाची फुलं तर फारच आवडीची.

माणूस हे त्याचं खाणं नाही. मग हल्ला का करतं? त्याचं कारण त्याच्या स्वभावात आहे. ज्या जंगलात वाघ आहे त्याच जंगलात हे वाढलं. हरणासारखं पळून सुटणं त्याला जमत नाही. त्यामुळे जवळून काही अचानक समोर आलं की ते मागे सरत नाही, आधी धावून जातं. २०१८ साली ताडोबात एका तळ्याजवळ अस्वल आणि वाघाची झुंज पर्यटकांनी कॅमेऱ्यात टिपली होती. अनेकींनी ती मोबाइलवर पाहिली असेल. पिलू बरोबर असलेली ती मादी वाघाशीही भिडली. जी वाघाला भिडते, ती आपल्याला पाहून कशाला थांबेल?

दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा. अस्वलाचं नाक फार तेज, पण नजर आणि कान बेताचे. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर त्याला आपला वास आधीच लागतो आणि बहुतेक वेळा ते वाट सोडून निघून जातं. वारा उलटा असेल, ते वारूळ उकरण्यात किंवा मोह खाण्यात गुंग असेल, किंवा दुपारी झुडपात झोपलेलं असेल, तर आपण पाच-दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. मग दोघंही दचकतात. आपण दचकून मागे होतो, ते दचकून पुढे येतं. अस्वलाचे बहुतेक हल्ले असे अचानक गाठ पडल्यानंच होतात.

म्हणजे सगळी मेख त्या दचकण्यात आहे. ते टाळलं की बरंच काही टळतं.

धोका नेमका केव्हा?

मोहाचं फूल रात्री आणि पहाटे गळतं. अस्वलालाही ते ठाऊक असतं. रात्रभर हिंडून ते पहाटे मोहाखाली आलेलं असतं, आणि उजाडायच्या आत, अंधारात, आपणही तिथेच पोचतो. एकाच झाडाखाली दोघं, एकाच वेळी, दोघांचीही मान खाली.

त्यातून हा काळ पिलांचा. मादी हिवाळ्यात गुहेत किंवा खडकाच्या कपारीत पिलं घालते, आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांना बाहेर काढते. म्हणजे मोह पडायच्या सुमाराला तिच्या पाठीवर पिलू बसलेलं असू शकतं. अशी मादी फार सावध असते आणि फार लवकर बिथरते. एकटं पिलू दिसलं, तरी आई जवळपास आहे असंच समजा. पिलाजवळ जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

जागाही ओळखून ठेवा. दाट करवंदीची जाळी, बांबूचं बेट, नाल्याचं वळण, मोठ्या दगडांच्या कपारी, पाणवठ्याकडे उतरणारी पायवाट, ही गाठ पडायची ठिकाणं. ताजं उकरलेलं वारूळ, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे, मोहाच्या किंवा बोरांच्या बिया असलेली विष्ठा, माणसाच्या पावलासारखा पण पुढे नखांचे ठसे असलेला माग, यातलं काही दिसलं तर तिथूनच वाट बदला. आज एक टोपली कमी भरली तरी चालेल.

त्या फवाऱ्याचं काय?

आता तो डबा. अमेरिकेत आणि कॅनडात ग्रिझली आणि काळी अस्वलं आहेत. तिथे रानवाटांवर चालणारे लोक अस्वलाचा फवारा जवळ बाळगतात. त्यात मिरचीचा तिखटपणा देणारा अर्क असतो, दाबाखाली भरलेला. दाबला की सहा-सात सेकंद लालसर ढग बाहेर पडतो आणि आठ-नऊ मीटरपर्यंत जातो. अस्वलाचे डोळे, नाक, घसा एकदम पेटतात, श्वास अडखळतो, आणि ते मागे फिरतं. थोड्या वेळानं ते पूर्ववत बरं होतं. अस्वल मरत नाही आणि माणूसही वाचतो, म्हणून तिथे त्याला मान आहे. अलास्कातल्या वीसेक वर्षांच्या घटना तपासून २००८ साली एक अभ्यास छापून आला. अस्वल जवळ आलं असता फवारा जवळ असलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव माणसांना काहीही इजा झाली नव्हती, असं त्यात आढळलं.

हे वाचून वाटेल, मग मागवूनच घेऊ. पण तिथले वनाधिकारी या डब्याबरोबर काय सांगतात तेही ऐका. यलोस्टोन हे अमेरिकेतलं १८७२ सालचं जुनं राष्ट्रीय उद्यान. तिथे सांगतात, तीन किंवा अधिक जणांनी मिळून चाला, आवाज करत चाला, अस्वलापासून शंभर यार्ड, म्हणजे नव्वद मीटरच्या वर अंतर ठेवा, आणि फवारा जवळ बाळगा. फवारा सावधपणाच्या जोडीला आहे, त्याच्या बदली नाही. डबा पिशवीच्या तळाशी असेल तर त्याचा काही उपयोग नाही, कारण धावून आलेलं अस्वल पिशवीची चेन उघडायला वेळ देत नाही. तो कमरेला किंवा छातीवर हवा, आणि त्याची खीळ काढायचा सराव घरी झालेला हवा.

आपल्यापैकी कुणाची लेक-सून, नातवंडं तिकडे असतील आणि सुट्टीत डोंगरात जाणार असतील, तर त्यांना एवढं सांगा. अस्वल धावून येऊ लागलं की नऊ-दहा मीटरवर असताना, नळी किंचित खाली धरून त्याच्या समोर ढग सोडायचा आणि हळूहळू मागे निघायचं. वारा आपल्या तोंडावर येत असेल तर तिखट आपल्याच डोळ्यात जातं हे ध्यानात ठेवायचं. डासांचं औषध लावतात तसा तो कपड्यांवर किंवा तंबूवर मारायचा नाही. त्यानं संरक्षण तर होत नाहीच, उलट वाळलेल्या अर्काच्या वासानं अस्वल ओढलं जाऊ शकतं. डब्यावरची मुदत पाहायची. विमानात तो नेता येत नाही, तिथे पोचल्यावरच घ्यावा लागतो. आणि प्रत्येक उद्यानाचे नियम निराळे. योसेमिटीत तर हा फवारा न्यायला बंदीच आहे.

आपल्या मोहाखाली मात्र याचा हिशेब जमत नाही. तिकडे एका डब्याला चाळीस-पन्नास डॉलर पडतात. वापरा किंवा न वापरा, काही वर्षांनी तो बदलावा लागतो. मोह वेचणाऱ्या प्रत्येकीच्या कमरेला तो कुठून येणार? आणि आपल्याकडे पर्समध्ये ठेवायची जी मिरचीच्या फवाऱ्याची छोटी बाटली मिळते, तिला अस्वलाचा फवारा समजू नका. ती दोन-तीन मीटरवरच्या माणसासाठी असते, तिची धार बारीक असते, आणि शंभर किलोच्या जनावराला ती अडवेल या भरवशावर पुढे जाणं जिवावर बेतेल.

पण त्या डब्याआधीच्या ज्या गोष्टी तिथले लोक करतात, त्या सगळ्या आपल्याला करता येतात, आणि जवळजवळ फुकट.

आपल्या हातातली साधनं

पहिलं साधन म्हणजे आवाज. जंगलात गुपचूप जायची आपल्याला सवय असते. कुणी आधी पोचून आपलं झाड वेचू नये, हेही मनात असतं. पण गुपचूप चालणारी बाईच अस्वलाला अचानक भेटते. म्हणून बोलत चला, गाणी म्हणत चला. आपल्या आज्या-आत्या रानात जाताना गात असत, त्याचा हाही एक उपयोग होता. काठीला घुंगरू किंवा बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी बांधा आणि ती काठी जमिनीवर आपटत चाला. काही ठिकाणी वनरक्षकही अशी काठी वापरतात, तिला घंटीकाठीच म्हणतात. वळण आलं, झुडूप दाट झालं, नाला ओलांडायचा असला की आधी थांबून हाळी द्या, दगडानं डबा वाजवा, आणि मग पुढे व्हा. झाडाखाली पोचण्याआधी तर हे करायचंच. झाडाखाली कुणी असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळतो. मोबाइलवर गाणी लावायची तर मोठ्यानं लावा. कानात बोंडुकं घालून जंगलात जाणं म्हणजे आपले कान घरी ठेवून जाण्यासारखं आहे.

दुसरं साधन सोबत. चार-पाच जणींनी मिळून जा आणि मिळूनच वेचा. एकीला दुसरी दिसली पाहिजे. वेचताना मान खाली असते, म्हणून पाळी लावा. थोडा वेळ एक जण उभी राहून चारी बाजूंना पाहील, बाकीच्या वेचतील, मग दुसरी. "तेवढीच फुलं कमी होतील" असं कुणी म्हणेल. मग सगळ्यांनी मिळून राखणारीच्या टोपलीत चार-चार ओंजळी टाका. लहान मुलांना बरोबर नेऊ नका, आणि नेलंच तर मागे रेंगाळू देऊ नका. कुत्रा नेण्याबद्दलही विचार करा. कुत्रा अस्वलाला डिवचतो, आणि ते मागे लागलं की पळत येऊन आपल्याच पायाशी लपतो.

तिसरं साधन उजेड. नीट उजाडल्यावर निघालात तर सगळ्यात चांगलं. "तोवर गुरंढोरं आणि हरणं फुलं खाऊन टाकतात" ही अडचण खरी आहे. त्यावर एक उपाय म्हणजे झाडाखाली जमिनीपासून उंचावर जाळी बांधणं. फुलं जाळीत पडतात, माती लागत नाही, जनावरांच्या तोंडी लागत नाहीत, आणि उन्हं आल्यावर गेलं तरी चालतं. स्वच्छ फुलांना भावही बरा मिळतो. जाळी बांधली की झाडाखालचा पाला जाळायचीही गरज उरत नाही. त्या आगीनं जंगल जळतं आणि जनावरं गावाकडे सरकतात, हे आपण दरवर्षी बघतोच. अंधारात जावंच लागलं तर प्रत्येकीकडे बॅटरी हवी. एकीच्या उजेडात पाच जणींनी चालायचं नाही.

आणखी एक, जे रेडिओवर बोलायला संकोच वाटतो पण बोललंच पाहिजे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला बाहेर झाडीत बसायला जाणं. घरी संडास असेल तर तो वापरा. बंद पडला असेल, पाणी नसेल, तर तो दुरुस्त करून घेण्याचा आग्रह घरात धरा. ही लाजेची गोष्ट नाही, जिवाची आहे.

समोर आलंच तर

अस्वल दूर आहे आणि त्यानं आपल्याला पाहिलेलं नाही. अशा वेळी ओरडू नका. सगळ्यांनी जवळ या आणि आल्या वाटेनं गुपचूप मागे फिरा.

त्यानं पाहिलं आहे आणि ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आहे. याचा अर्थ ते हल्ला करतंय असा नाही. ते वास घेतंय, आपण कोण ते पाहतंय. पळू नका. आपल्यापेक्षा ते कितीतरी जोरात पळतं. झाडावर चढू नका. मधासाठी तेही झाडावर चढतं. त्याच्याकडे पाठ न करता, शांत आवाजात बोलत, एक-एक पाऊल मागे घ्या. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. पिलू आणि आई यांच्या मध्ये तर कधीच येऊ नका.

ते धावून आलं. अजूनही पळायचं नाही. सगळ्या जणी चिकटून उभ्या राहा, मोठ्यानं ओरडा, काठी किंवा टोपली त्याच्या आणि आपल्या मध्ये धरा. पुष्कळदा अस्वल जवळ येऊन थांबतं किंवा बाजूनं निघून जातं.

अंगावर आलंच, तर पालथं पडा. अस्वलाचा रोख डोक्यावर आणि तोंडावर असतो. डोळे, नाक, जबडा जातो तो इथेच. म्हणून तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपर चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट, पाय थोडे फाकलेले, म्हणजे ते आपल्याला सहज उलथवू शकत नाही. डोक्यावर टोपली ओढून घेता आली तर घ्या. हलू नका. ते निघून गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका. बाकीच्यांनी पांगायचं नाही. एकत्र राहून आरडाओरडा करायचा, डबे वाजवायचे.

हे आत्ता ऐकताना सोपं वाटतं, ऐन वेळी हात-पाय गळतात. म्हणून या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत एकदा पालथं पडायचा सराव करा. हसाल, हसू द्या. हसत केलेलं अंगात राहतं.

इथे एक फरक सांगायला हवा. वाघ-बिबट्याच्या बाबतीत पालथं पडणं किंवा खाली बसणं चुकीचं. बसलेली, वाकलेली बाई वाघाला चार पायांच्या सावजासारखी दिसते. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी ऐकून आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. वाघ दिसला तर उभ्याच राहा, हात आणि काठी वर करून मोठ्या दिसा, ओरडा, नजर त्याच्यावर ठेवून मागे सरा. पण दोन्ही जनावरांसाठी पहिला नियम एकच. सोबत, आवाज आणि पाळीनं पहारा.

जखम झाली तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि सारखं उचलून पाहू नका. लोंबणारी कातडी कापू किंवा ओढू नका. ती जागेवर ठेवून कापड बांधा, डॉक्टर ती शिवू शकतात. तोंडाला मार असेल तर बाईला उताणं झोपवू नका. कुशीवर वळवा किंवा पुढे वाकवून बसवा, म्हणजे रक्त घशात जाणार नाही. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. १०८ ला फोन करा. साधा ओरखडा असला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जाऊन रेबीजची आणि धनुर्वाताची लस घ्या. रेबीज फक्त कुत्र्याचाच असतो हा गैरसमज आहे.

वनखात्याला लगेच कळवा. वनरक्षक, पोलीस पाटील किंवा वनखात्याचा १९२६ हा क्रमांक, जे हाताशी असेल ते. अस्वलाच्या हल्ल्यालाही महाराष्ट्रात शासनाची मदत मिळते. जखमेच्या स्वरूपाप्रमाणे रक्कम ठरते, मृत्यू झाला तर कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात. पंचनामा, दवाखान्याचे कागद, औषधांची बिलं जपून ठेवा. "बाईनं जायलाच नको होतं" म्हणून कुणी कागद करायला टाळाटाळ केली तर गप्प बसू नका, ग्रामसभेत विषय काढा.

ग्रामसभेचं नाव निघालंच आहे, तर हंगामाआधीच्या सभेत या तीन गोष्टी मांडा. यंदा उजाडण्याआधी कुणीच निघायचं नाही, म्हणजे "मी मागे राहिले तर माझी फुलं जातील" ही भीती उरणार नाही. कोणत्या टोळीनं कोणत्या बाजूला जायचं ते आदल्या दिवशी ठरेल आणि गावात कुणाला तरी ठाऊक असेल. आणि अस्वलाचे माग कुठे दिसले ते चावडीवरच्या फळ्यावर रोज लिहिलं जाईल. एकटीनं पाळायला हे नियम अवघड जातात. सगळं गाव पाळू लागलं की सोपे होतात.

अस्वल आपलं वैरी नाही. त्याचं पोटही त्याच मोहावर आहे. आपण येतोय एवढं त्याला आधी कळलं, तर ते बहुतेक वेळा आपली वाट सोडतं. तेव्हा मैत्रिणींनो, उद्या निघताना टोपलीबरोबर काठी घ्या, काठीला घंटी बांधा, शेजारणीला हाक मारा आणि बोलत-बोलत जा. पुढच्या आठवड्यात तेंदूपत्त्याच्या मजुरीचा हिशेब कसा ठेवायचा ते पाहू. तोवर नमस्कार.